गोवराची लस व आईबापांची जबाबदारी

बाळ नऊ महिन्यांचे झाले म्हणजे आशाताई दारात येऊन निरोप देते की, येत्या लसीकरणाच्या दिवशी लेकरास गोवर-रुबेलाची लस टोचून घ्यावी. त्या दिवशी पुष्कळ घरांत लहानसा वाद होतो. बाप म्हणतो, लेकरू चांगले हसते-खेळते आहे, त्याच्या दंडात सुखासुखी सुई का टोचवावी? आजी म्हणते, आमच्या काळी गोवर सर्वांनाच निघत असे आणि आपोआप जातही असे. आईला पूर्वीच्या एखाद्या लसीनंतरची तापाची रात्र आठवते. असा विचार करणाऱ्यांस अडाणी म्हणून हिणवण्याची कित्येकांस सवय असते. आम्ही तसे म्हणणार नाही. आजाऱ्यास औषध देणे वेगळे, आणि निरोगी लेकराच्या अंगात आपल्या संमतीने काही घालविणे वेगळे. हा भेद ज्यास जाणवतो त्याचे अंतःकरण जागे आहे. परंतु जाग्या अंतःकरणाने पुढचीही पायरी चढली पाहिजे. तराजू हाती घेतला तर दोन्ही पारड्यांत काय आहे हे पाहिल्यावाचून तो खाली ठेवू नये. हे वजन कसे करावे, ह्याचा विचार आज आम्ही वाचकांपुढे मांडतो.

मालेगावच्या वाचकांस हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईचा गोवंडी भाग, भिवंडी आणि मालेगाव येथे गोवराची साथ असल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांतून येत होत्या. त्यांतील मालेगाव नाशिक जिल्ह्यातील होते. आपले वाशिम जिल्ह्यातील नव्हे. नाव एक, गाव दुसरे, हे ध्यानात येताच कोणी निश्चिंत झाला असेल तर ते स्वाभाविक होते. तथापि गोवर गावाची पाटी वाचून आत शिरत नाही. अकोल्याहून मेडशीवरून मालेगावास व पुढे वाशिमास जाणाऱ्या रस्त्याने रोज माणसे येतात-जातात. कामाकरिता पुण्या-मुंबईस गेलेली कुटुंबे सणासुदीला परततात. गोवराचा रोगी खोलीतून निघून गेल्यावरही तेथील हवेत त्या रोगाचा विषाणू दोन तासांपर्यंत टिकू शकतो. ज्यांस संरक्षण नाही अशा लोकांत एका रोग्यापासून १२ ते १८ जणांस लागण होते, असा अंदाज आहे. इतका सहज पसरणारा रोग क्वचितच आढळतो.

प्रथम लसीच्या धोक्याचे पारडे पाहू, आणि त्यात जे आहे ते लपवून न ठेवता पाहू. गोवराच्या लसीत जिवंत परंतु दुर्बल केलेला विषाणू असतो. त्यामुळे टोचल्यावर साधारण आठवड्याने, शंभरांतील पाच ते पंधरा लेकरांस ताप येतो व तो एक-दोन दिवसांत उतरतो; काहींच्या अंगावर बारीक पुरळ उठते. तीन-चार हजार लेकरांमागे एकास त्या तापात झटका येतो. हा झटका पाहणाऱ्या आईचा जीव उडून जातो, परंतु त्याने सहसा कायमची इजा राहत नाही. तीस-चाळीस हजारांमागे एकास रक्त गोठविणारे कण काही काळ कमी होतात. दहा लाखांमागे सुमारे एकास अंगावर न सोसल्याची तीव्र प्रतिक्रिया येते. ती बहुधा टोचल्यावर लगेच येते व तिच्यावर उपाय आहे. म्हणूनच लस दिल्यावर लेकरास घेऊन अर्धा तास तेथेच बसण्यास परिचारिका सांगते. घरी कामे खोळंबली आहेत म्हणून हा अर्धा तास चुकविणे बरे नव्हे.

लसीच्या धोक्यांत आणखी एक धोका धरला पाहिजे, आणि तो लसीचा नसून माणसाच्या निष्काळजीपणाचा असतो. ३१ जानेवारी २०२१ रोजी आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातील कापसी-कोपरी येथे, १२ बालकांस पोलिओच्या थेंबांऐवजी हात स्वच्छ करण्याचे द्रव पाजण्यात आले. लेकरांस उलट्या होऊ लागल्या, त्यांस इस्पितळात नेले, आणि देवाच्या कृपेने ती बरी झाली. त्याहून फार मोठा अनर्थ १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल गावी घडला होता. मुंबईच्या प्रयोगशाळेत डॉ. हाफकिन ह्यांनी तयार केलेली प्लेगची लस तेथे टोचली असता, एकाच बाटलीतील लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली. हाफकिन ह्यांस कामावरून दूर करण्यात आले. पुढे चौकशीअंती, ती बाटली उघडताना गावातच दूषित झाली असावी असे दिसून आले आणि १९०७ साली ते दोषमुक्त ठरले. ह्याच हाफकिन ह्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली होती.

ह्या गोष्टींवरून कोणी म्हणेल की, मग लस नकोच. आम्हांस त्यांतून निराळा बोध होतो. विहिरीत एकदा घाण पडली म्हणून कोणी पाणी पिणे सोडीत नाही; विहीर राखतो. गोवराच्या लसीची भुकटी असते व ती आयत्या वेळी द्रवात मिसळतात. मिसळल्यावर चार तासांच्या आत ती वापरली पाहिजे, उरलेली फेकून दिली पाहिजे. लसीस उष्णता लागली किंवा कसे हे दाखविणारी खूण बाटलीवर असते: वर्तुळातील चौकोन वर्तुळापेक्षा फिकट असेल तोवर लस वापरण्याजोगी असते. बाटली केव्हा उघडली, खूण कशी आहे, सुई नवी आहे ना, हे नम्रपणे विचारण्याचा आईबापांस अधिकार आहे. चांगल्या परिचारिकेस अशा प्रश्नाचा राग येत नाही.

ह्याच ठिकाणी एका खोट्या भीतीचाही निकाल लावू. १९९८ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात अवघ्या १२ मुलांची उदाहरणे देऊन, गोवर, गालफुगी व रुबेला ह्यांच्या एकत्र लसीचा मुलांच्या आत्ममग्नतेशी संबंध असावा असे सुचविणारा एक लेख छापला गेला. पुढे लाखो मुलांच्या पाहणीत तसा संबंध आढळला नाही. लेखकाचे वर्तन अप्रामाणिक ठरले. २०१० साली त्या नियतकालिकाने लेख मागे घेतला आणि लेखकाचे वैद्यकीचे नाव नोंदवहीतून काढण्यात आले. लेख मागे घेतला गेला, परंतु अफवेस मागे घेणारा कोणी नसल्यामुळे ती अजून मोबाइलच्या वाटेने खेडोपाडी फिरत असते.

आता दुसरे पारडे. आजीबाई म्हणतात ते खरे आहे की, पूर्वी गोवर सर्वांस निघत असे. परंतु तो सर्वांचा निघून जात असे हे खरे नाही. जी लेकरे राहिली त्यांनी पुढे आपल्या नातवंडांस ती गोष्ट सांगितली. जी गेली त्यांस सांगता आले नाही. गोवराची लस १९६३ साली निघाली, त्यापूर्वी जगात दरवर्षी सुमारे २६ लाख माणसे ह्या रोगाने मरत असत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. २०२३ सालीही एक लाखाहून अधिक माणसे मेली, आणि त्यांतील बहुतेक पाच वर्षांच्या आतील लेकरे होती. गोवराने फुप्फुसे सुजतात, हगवण लागते, कान फुटतात. ज्या लेकराच्या अंगात अ जीवनसत्त्व कमी त्याचे डोळे जातात. हजारांतील एकाच्या मेंदूस सूज येते. शरीराने पूर्वी ज्या ज्या रोगांशी झुंज दिली त्यांची आठवणही गोवर पुष्कळ अंशी पुसून टाकतो, म्हणून बरे झालेले लेकरू पुढे कित्येक महिने दुसऱ्या रोगांस बळी पडते.

दोन्ही पारडी एकाच खेड्यात मांडून पाहा. ज्या खेड्यात वर्षास ३० बालके जन्मतात तेथे शंभर वर्षांत ३,००० बालके होतील. त्या सर्वांस लसीची एक मात्रा दिली तर शंभर वर्षांत एखाद्या लेकरास तापाचा झटका येईल व तो ओसरेल. त्या सर्वांस गोवर निघाला तर, औषधपाणी उत्तम असलेल्या सुखवस्तू देशांच्या मानाने धरले तरी, तीन लेकरांच्या मेंदूस सूज येईल आणि तीन ते नऊ लेकरे स्मशानात जातील. जेथे लेकरे अशक्त व दवाखाना दूर, तेथे ही संख्या कित्येक पटींनी वाढते. हा हिशेब मांडण्यास विद्वत्ता लागत नाही.

मग हिशेब इतका उघड असता चांगल्या आईबापांचा हात का अडखळतो? आमच्या मते ह्याचे मूळ गणितात नसून मनुष्याच्या मनात आहे. लस टोचल्यावर झटका आला तर ‘मी नेले म्हणून झाले’ असे वाटते. न टोचता गोवर झाला तर ‘देवाची इच्छा’ असे म्हणता येते. पहिल्यात आपला हात दिसतो, दुसऱ्यात दिसत नाही. परंतु न दिसणारा हात निर्दोष असतो काय? धन्याने सोपविलेला तालांत जमिनीत पुरून ठेवणाऱ्या दासाने काही चोरले नव्हते, काही उधळले नव्हते. त्याने केवळ भिऊन काहीच केले नाही, आणि त्याच ‘काहीच न करण्याचा’ त्यास जाब द्यावा लागला. लेकरू हे तर तालांताहून अनंतपटीने मोलाचे सोपविलेले धन आहे. लस देणे हा जसा निर्णय आहे तसा न देणे हाही निर्णय आहे, आणि दोहोंचाही हिशेब आईबापांकडेच आहे.

कोणी भाविक म्हणतो, ‘माझा भरवसा प्रभूवर आहे, सुईवर नाही.’ भरवसा प्रभूवरच असावा. परंतु मंदिराच्या शिखरावर उभे करून ‘खाली उडी टाक, देवदूत तुला झेलतील’ असे सुचविणारा कोण होता, आणि प्रभूने ती सूचना का नाकारली, हे आपल्या शब्बाथशाळेतील मुलांसही ठाऊक आहे. समोर जिना असता उडी टाकणे हा विश्वास नव्हे, देवाची परीक्षा पाहणे होय. ज्या वाशिम येथे नाझरीन मंडळीच्या सेवकांनी रेनॉल्ड्स स्मारक रुग्णालय उभारले, त्या जिल्ह्यातील ख्रिस्ती लोकांस वैद्यकी व प्रार्थना ह्या दोन बहिणी आहेत हे निराळे सांगावयास नको.

लसीवर विश्वास ठेवा म्हणजे डोळे मिटा, असे मात्र कोणी समजू नये. खरे तोलणारे लोक पारडे बदलले की आपला निर्णयही बदलतात, ह्याचा पुरावा आपल्याच इतिहासात आहे. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नामक तीन वर्षांच्या मुलीस टोचलेली लस ही हिंदुस्थानातील देवीची पहिली लस होय. त्या रोगाची दहशत अशी होती की लोक त्यास ‘देवी’ म्हणून हात जोडीत. देवीच्या लसीनेही दहा लाखांत एखाद-दुसरा मनुष्य दगावत असे. तरी रोग असेतोवर ती देणेच योग्य होते. १९७५ साली आपल्या देशातून देवी नाहीशी झाली व १९८० साली ती जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले, आणि तेव्हा ती लस सरसकट टोचणेही थांबले. कारण दुसरे पारडे रिकामे झाल्यावर थोडासाही धोका पत्करण्यास कारण उरले नाही. पोलिओच्या थेंबांचेही तसेच. त्यांतील दुर्बल विषाणूमुळे, सुमारे २७ लाख पहिल्या मात्रांमागे एकदा, लेकरू लुळे पडू शकते. पोलिओच्या तीन जातींपैकी दुसरी जात जगातून गेल्याचे २०१५ साली ठरले, तेव्हा एप्रिल २०१६ मध्ये थेंबांतून ती जात काढून टाकण्यात आली. म्हणजे ज्यांस आपण लसीचे कैवारी म्हणतो तेच तिचा धोका सर्वांत काटेकोरपणे मोजीत असतात. गोवराचे पारडे मात्र अजून रिकामे झालेले नाही. २०२२ च्या साथीने हे दाखवून दिले.

आता ह्या प्रश्नाचे जे अंग आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते त्याकडे वळतो. आतापर्यंत आपण आपल्याच लेकराचा विचार केला. परंतु आईकडून मिळालेले संरक्षण ओसरत आले असून ज्याची लस घेण्याची वेळ अद्याप आली नाही असे सात-आठ महिन्यांचे बाळ शेजारच्या घरी असते. रक्ताच्या कर्करोगावर उपचार चालू असलेले एखादे लेकरू असते, ज्यास ही जिवंत लस देताच येत नाही. अशांस वाचविणारी भिंत म्हणजे भोवतालची लस घेतलेली मुले. गोवर इतका पसरणारा की, शंभरांतील ९५ मुलांस संरक्षण असेल तेव्हाच ही भिंत उभी राहते. ‘सगळे घेतच आहेत, माझ्या एकट्याने काय अडते,’ असे म्हणणारे सहावे घर निघाले की भिंतीस भगदाड पडते. यरीहोच्या वाटेवरून बाजूने निघून गेलेल्या याजकाने व लेव्याने त्या जखमी मनुष्यास एकही फटका मारला नव्हता. तरीही त्याचे शेजारी ते ठरले नाहीत, शोमरोनी ठरला.

ह्या लसीतील रुबेलाचा भाग तर ह्या बाबतीत मोठा धडाच आहे. रुबेला लहान मुलास झाला तर बहुधा किरकोळ ताप-पुरळ येऊन जातो. परंतु गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत तो स्त्रीस झाला तर गर्भ दगावतो, किंवा बाळ बहिरे, मोतीबिंदू असलेले किंवा हृदयाचा दोष असलेले जन्मते. महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ पासून नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलामुलींस गोवर-रुबेलाची लस देण्याची मोहीम झाली, तेव्हा कित्येकांनी विचारले, मुलग्यांस रुबेलाची लस कशाला? उत्तर हेच की, मुलग्याच्या दंडातील त्या थेंबाचा मोठा लाभ त्याचा नाहीच. तो कोणा अनोळखी मातेच्या उदरातील, अद्याप न जन्मलेल्या लेकराचा आहे. गोवराच्याच सुईबरोबर, वेगळी वेदना न सोसता, आपला मुलगा दुसऱ्याचे ओझे उचलतो. नऊ महिन्यांच्या वयात ह्याहून मोठी शेजारसेवा त्याच्या हातून होणे शक्य नाही.

मग लस न देणाऱ्यांवर सक्ती करावी काय? २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने करोनाच्या लसीसंबंधीच्या निकालात असे ठरविले की, कोणाच्याही शरीरावर त्याच्या इच्छेविरुद्ध लस लादता येत नाही. तथापि सर्वांच्या हितासाठी सरकार वाजवी निर्बंध घालू शकते, आणि लसीच्या दुष्परिणामांची माहिती लोकांपासून लपविता कामा नये. आम्हांस हे तत्त्व योग्य वाटते. परंतु सक्ती नाही ह्याचा अर्थ कर्तव्य नाही असा नव्हे. जेथे शिपाई उभा नसतो तेथे विवेकास अधिक जागे राहावे लागते.

मंडळीचेही ह्यात कर्तव्य आहे. पाळकांनी व वडीलजनांनी शंका घेणाऱ्या घरास रागे भरू नये; त्या घरी जाऊन बसावे, प्रश्न ऐकावा, आणि जे ठाऊक नसेल ते परिचारिकेस विचारून सांगावे. लसीनंतर एखाद्या लेकरास खरोखरच त्रास झाला तर ‘असे होतच नाही’ म्हणून त्याच्या आईचे तोंड बंद करू नये. तिला दवाखान्यात पोचवावे, झालेल्या त्रासाची तेथे नोंद करवावी, घरची मजुरी बुडत असेल तर मंडळीने हातभार लावावा. हजारो लेकरांच्या सुरक्षिततेचे मोल एखाद्या घरास द्यावे लागले, तर त्या घराचे ओझे एकट्यावर राहू देणे हा अन्याय होय.

कृतीच्या दोन-चार गोष्टी सांगून हा लेख संपवितो. पहिली मात्रा नऊ महिने पुरे होताच व वर्षाच्या आत, आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान द्यावी. नवव्या महिन्यातील एका मात्रेने शंभरांतील सुमारे ८५ लेकरांस संरक्षण मिळते. राहिलेल्यांची उणीव दुसरी मात्रा भरून काढते, म्हणून ती चुकवू नये. ऊसतोडीस किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांत हीच मात्रा पुष्कळदा राहून जाते. त्यांनी लसीचे कार्ड ट्रंकेत ठेवून न जाता बरोबर न्यावे, म्हणजे असतील त्या गावी लस मिळते. लेकरू फार आजारी असेल, पूर्वी एखाद्या लसीने त्यास तीव्र त्रास झाला असेल, किंवा त्याची रोगाशी झुंजण्याची शक्ती क्षीण असेल, तर टोचण्यापूर्वी डॉक्टरांस सांगावे. साधे पडसे किंवा किंचित ताप हे लस टाळण्याचे कारण नव्हे. लसीच्या दिवशी दिले जाणारे अ जीवनसत्त्वही आठवणीने पाजावे.

आईबापांनी भिऊ नये असे आम्ही म्हणत नाही; लेकराविषयी भय वाटणे हा प्रीतीचाच एक भाग आहे. परंतु ज्या प्रीतीस आपलेच लेकरू दिसते तिने मान थोडी वर करून शेजारचा पाळणाही पाहावा, आणि प्रार्थना करून, प्रश्न विचारून, लेकरास उचलून दवाखान्याची वाट धरावी. देव आपल्या सर्व लेकरांचे रक्षण करो, आणि त्या रक्षणात आपल्या हातांसही वाटा देवो.